अठ्ठावन्न बोकडांची आंघोळ

३ एप्रिल
वही नवी. रेडिओवर दुपारी जनावरांच्या डॉक्टरीणबाई म्हाताऱ्या शेळ्या-बोकडांच्या केसांविषयी आणि कातडीविषयी बोलल्या. म्हणाल्या, रोज लेखी नोंद ठेवा. म्हणून ही वही. खरारा, तेल, गंधकाचं मलम, सूर्यफुलाच्या बिया इतकं सांगून झाल्यावर बाई म्हणाल्या, ‘‘आता शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं.’’ तिथे मी रेडिओ बंद केला. बॅटरी वाचवावी लागते. शिवाय शेवटचं ते नवशिक्यांसाठी असतं. मी एकवीस वर्षं बोकड राखतोय.

आत्ता माझ्या कुंपणात सोळा घरांचे अठ्ठावन्न बोकड आहेत. मंडळी शेळ्या घेऊन वर डोंगरात जातात, बोकड माझ्याकडे ठेवतात आणि पंधरा मेला घेऊन जातात. आधी सोडले तर करडं पाच महिन्यांनी, आमची जूनपासूनची थंडी सरायच्या आत जन्मतात आणि मरतात. म्हणजे या अख्ख्या खोऱ्याचं कॅलेंडर मी सांभाळतो. हे कुणी बोलून दाखवत नाही.

निकानोर येऊन गेला. हा ओर्फेलिनाचा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा. अंगाने दरवाजा, डोक्यानेही. त्याचा म्हातारा बोकड ओबिस्पो. दाढी बिशपसारखी म्हणून हे नाव. त्याच्याकडे बघून निकानोर म्हणाला, ‘‘दाजी, हा बोकड आहे का पायपुसणं? पंधरा मेला असाच दिसला तर इथंच आकड्याला टांगतो आणि मांस खारवून वाळत घालतो.’’

आत ओर्फेलिनाने पातेलं आपटलं. मोठ्या बर्फाच्या वर्षी ओबिस्पोची आई मेली, तेव्हा तिने त्याला चुलीशेजारी बाटलीने वाढवला आणि मग भावाला दिला. मला स्वतःला काही नाही. जनावर ते जनावर. पण माझ्या कुंपणातून पायपुसणं बाहेर पडलं असं कुणी म्हणता कामा नये. मी निकानोरला म्हटलं, पंधरा मेला याच्या अंगात तोंड बघून तू दाढी करशील. तो म्हणाला, नाहीतर तुझीही कातडी उतरवतो. मी त्याच्या पोटात गुद्दा घातला. त्याने मला लेंड्यांच्या ढिगात बसवलं. एकंदरीत बरोबरी.

नोंद: ओबिस्पो. वय अकरा. कातडी कोरडी, कोंडा पडतो. पाठीवर केस विरळ. गुडघ्यांवर घट्टे. उवा. स्वभाव सोशिक.

संकल्प: आजपासून कुणावर हात उचलायचा नाही.

४ एप्रिल
घोड्याच्या खराऱ्याने ओबिस्पोचं अंग घासलं. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मी जवळ गेलो की आधी माझ्या पोंचोत, म्हणजे अंगावरच्या लोकरी घोंगडीत, नाक खुपसतो, वास घेतो, एक ढुशी मारतो आणि मग मुकाट उभा राहतो. ढुशी रोजची. तिला मी नमस्कार समजतो.

या पोंचोवरून ओर्फेलिना एकोणीस वर्षं भांडते आहे. तो घरात आणायचा नाही, दाराबाहेरच्या खिळ्याला लावायचा, असा तिचा नियम. आज म्हणाली, ‘‘म्हाताऱ्या, बोकडांची कातडी नंतर बघ, आधी स्वतः अंगावर पाणी घे.’’ मुठी खिशात घातल्या. संकल्प पाळतोय.

खरारा करताना सेपुल्वेदाच्या घरच्या पिवळ्या बोकडाने मागून येऊन मला कुंपणाच्या तारेवर टाकलं. पँट गेली. उठून त्याला दोन लाथा घातल्या. हात उचलला नाही.

७ एप्रिल
बिया, तेल, खरारा. गंधक आणि चरबीचं मलम. मलम लावताना ओबिस्पोने माझा अंगठा दाढेत धरला. अंगठा काळानिळा. तरी कोंडा कमी वाटतो.

ओर्फेलिना म्हणते, तीसुद्धा रोज दुपारी त्याच्या गुडघ्यांना तेल चोळते. चोळू दे. फरक माझ्यामुळे आहे.

१० एप्रिल
फारच स्लो. पाच आठवडे उरलेत आणि केस फक्त मऊ झालेत. मऊपणा लांबून दिसत नाही, चमक दिसते. विचार केला. रोग कुठे आहे? घाणीत. हे बोकड माजावर आले की स्वतःच्याच दाढीवर आणि पुढच्या पायांवर मुततात. ते मूत कातडी जाळतं. मग मूत धुतलं तर? इतकी साधी गोष्ट बाईंना सुचली नाही. शाळेत शिकलेल्या माणसांचं हे असंच असतं.

निर्णय: आंघोळ. ओबिस्पो आणि त्याच्या वयाचे आणखी सहा.

ओर्फेलिना म्हणाली, ‘‘माजावरच्या बोकडाला आंघोळ? माझ्या बापाने नाही केलं, त्याच्या बापाने नाही केलं.’’ मी म्हटलं, म्हणूनच त्यांच्या बोकडांची कातडी तशी होती. तिने डाव फेकला. भुवईला लागला.

११ एप्रिल
ऐतिहासिक दिवस.

अर्ध्या पिंपात कढत पाणी. ओर्फेलिनाचा घरचा साबण, सगळ्या वड्या. वर व्हिनेगर. पोंचो भिजू नये म्हणून खिळ्याला. शिंगं धरून एकेकाला आत घातलं. पहिल्याने पिंप उलटवलं. दुसऱ्याने मला पिंपात घातलं. तिसऱ्याच्या वेळी कुत्रा मदतीला आला, त्याला तिसऱ्याने छपरावर उडवलं. (कुत्रा दुपारी उतरला. माझ्याकडे बघत नाही.) चौथ्याशी कुस्ती वीस मिनिटं चालली. माझे दोन दात हलतात. ओबिस्पो मात्र शहाण्यासारखा उभा राहिला, थरथरत होता फक्त. त्याची दाढी कातरली. तिच्यात तर सगळा वास साठतो.

संध्याकाळी सातही जण असे चमकत होते की मला थोडं रडूच आलं. व्हिनेगर डोळ्यात गेलं होतं.

चोस मालाल शहरी जाणाऱ्या ट्रकवाल्याबरोबर तिथल्या रेडिओसाठी निरोप दिला. दुपारच्या निरोपांत वाचतील. सगळं खोरं ऐकतं.

१२ एप्रिल, सकाळी नऊ
सातजणांना कळपात सोडलं.

१२ एप्रिल, सकाळी साडेनऊ
काढले.

१२ एप्रिल, दुपार
शांतपणे लिहितो. ओबिस्पो आत गेला आणि बाकीचे एक्कावन्न थबकले. इतकी वर्षं याच्यापुढे बाजूला होणारे, कालपर्यंत त्याला पाण्यावर पहिली जागा देणारे. पिवळ्याने त्याला हुंगलं, मान वर केली, दहा पावलं मागे गेला आणि धावत येऊन डोकं घातलं. आवाज असा, जणू कुऱ्हाड ओंडक्यात. ओबिस्पोचं डावं शिंग अर्ध्यावर मोडलं. आंधळा तो, कुठून कोण येतंय कळेना. गोल गोल फिरत होता आणि ज्याला त्याला हुंगत होता. दुसरा, तिसरा, मग रांगच. मी मधे पडलो. मलाही ठोकलं.

ओर्फेलिना फावडं घेऊन आत शिरली. चार बोकड आडवे केले, ओबिस्पोला खांद्यावर घेतलं आणि चुलीपाशी नेऊन ठेवलं. तिच्या कपड्यांना पुढून सगळं रक्त लागलं होतं.

कारण मला कळलंय. मत्सर. चमकणाऱ्याचं कुणाला बघवत नाही. हे मी स्वतः अनुभवलंय.

१३ एप्रिल
उरलेल्या सहा धुतलेल्यांना वेगळं ठेवलं. ते आपसांतच भिडले. मत्सराचा मुद्दा पुन्हा तपासावा लागेल.

माझा निरोप रेडिओवर वाचला. ‘‘एवारिस्तो रेतामाल सर्व बोकडमालकांना कळवतात की म्हाताऱ्या बोकडांच्या कातडीवर त्यांनी शोधलेला क्रांतिकारी उपचार यशस्वी झाला असून जनावरं ओळखू येणार नाहीत.’’ शेवटचा भाग खरा निघाला.

१५ एप्रिल
उत्तरं आली. निवेदिका फार गोड आवाजात वाचते. ‘‘सेपुल्वेदा कुटुंबाकडून एवारिस्तो रेतामाल यांना: माझ्या पिवळ्याला हात लावलास तर हात तोडीन. निकानोरकडून दाजींना: पंधरा मेला येतोय, आकडा घासून ठेवा.’’ लगेच पुढे कुणाच्या तरी मावशीला वाढदिवसाच्या शुभेच्छा.

लोक इतक्या आवडीने ऐकतात याचा अर्थ विषयात दम आहे.

१७ एप्रिल
तोडगा सापडला. काहींना आंघोळ आणि काहींना नाही, हा अन्याय. अन्याय झाला की मारामारी होणारच. सगळ्यांना आंघोळ घातली की सगळे सारखे. मग भांडण कशावरून?

ओर्फेलिनाला सांगितलं. ती ओबिस्पोच्या मोडक्या शिंगाला राख लावत होती. म्हणाली, ‘‘म्हाताऱ्या, नको.’’ ओरडली असती तर बरं झालं असतं.

१८, १९, २० एप्रिल
आंघोळ. एक्कावन्न. बरगडी एक, नखं तीन, पुढचा दात. डावा कान ऐकत नाही. वाऱ्यात अंग काकडतंय. पिवळ्याला शेवटी घातला. त्याने पिंपच शिंगात अडकवून कुंपणाला फेऱ्या मारल्या.

झालं. सगळे सारखे.

२१ एप्रिल


सकाळी कुंपणात एकही बोकड दुसऱ्याला ओळखत नव्हता. सात महिने एकत्र चरलेले. आधी सगळे एकमेकांना हुंगत फिरले. इतकी शांतता की मी ओर्फेलिनाला हाक मारली, ये बघ म्हटलं. मग एकदम सुरू झालं. कोण कुणाचा वरचढ हे सगळ्यांनाच नव्याने ठरवायचं होतं, एकाच वेळी. शिंगं, डोकी, फासळ्या. कुंपणाचे तीन खांब गेले. त्रोंकोसोच्या काळ्याचा डोळा गेला. दोघांची शिंगं एकमेकांत अडकली, ती करवतीने सोडवली. मी काठी घेतली, काठी मोडली. दगड घेतले. शेवटी कुंपणावर चढून ओरडत बसलो, आणि खरं सांगायचं तर देवाला हाका मारत होतो.

पिवळा मेला. त्याच्यावर दोघे दोन बाजूंनी आले. मानेचा आवाज मला डाव्या कानानेही ऐकू आला.

त्याचं कातडं काढलं. फार सुंदर कातडं. कोंडा अजिबात नाही.

सेपुल्वेदाला रेडिओवरून निरोप पाठवला: ‘‘पिवळ्याची तब्येत स्थिर आहे.’’ खोटं नाही.

२४ एप्रिल
बाईंचा तो प्रोग्रॅम आज परत लागला. बॅटरीचा विचार न करता शेवटपर्यंत ऐकला. शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं असं: ‘‘माजावरच्या बोकडांना आंघोळ घालू नका. वास गेला की ते एकमेकांना ओळखत नाहीत, आणि शेळ्याही त्यांना विचारत नाहीत.’’

हे बाईंनी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. निष्काळजीपणा.

२६ एप्रिल
वास परत आणायचा. सगळ्यांना एकच वास दिला तर? ओर्फेलिनाची लव्हेंडरच्या पाण्याची बाटली, तिच्या लग्नातली. छप्पन्न जणांना पुरली. परिणाम: दोन फासळ्या (माझी एक, अंतुनेझच्या बोकडाची एक). ओर्फेलिनाला बाटली रिकामी दिसली. माझी दुसरी भुवई.

३ मे
सगळ्यांना दोन-दोन करून दोरांनी वेगळं बांधलंय. वास हळूहळू येतोय, पण दाढ्या नाहीत त्यामुळे टिकत नाही. (ओबिस्पोची छान दिसली म्हणून सगळ्यांच्याच कातरल्या होत्या. ते इथे लिहायचं राहिलं होतं.)

एक चांगली गोष्ट. ओबिस्पो. चुलीशेजारी राहून, तेल आणि मलम लावून, रोज खरारा करून त्याचे केस भरून आलेत. पाठीवरून हात फिरवला तर हाताला तेल लागतं. काळाभोर दिसतो. मी आत गेलो की अजूनही आधी पोंचोत नाक, मग अर्ध्या शिंगाची ढुशी. पोंचो घरात आणल्याबद्दल ओर्फेलिना काही बोलली नाही. हा माझ्या उपचाराचा विजय आहे. पंधरा तारखेला निकानोरची बोलती बंद करीन.

मला स्वतःला काही नाही, हे पुन्हा लिहितो.

१५ मे
सोळाही घरं आली. निकानोर खात्री करायला आठ शेळ्याही घेऊन आला.

मी भाषण तयार ठेवलं होतं. त्यातलं पहिलं वाक्य झालं. दुसऱ्या वाक्याला सेपुल्वेदाने विचारलं, ‘‘माझा पिवळा कुठे?’’ मी कातडं दाखवलं आणि चमक बघा म्हटलं. त्याने तेच कातडं दोन्ही हातांनी धरून माझ्या तोंडावर मारलं. तीनदा. मग त्रोंकोसोने डोळ्याचा हिशेब केला. अंतुनेझच्या बायकोने पाय ओढून मला खाली पाडलं. मीही गप्प बसलो नाही, एक-दोघांना चावलो.

निकानोरने सगळ्यांना बाजूला केलं आणि शेळ्या सोडल्या. म्हणाला, ‘‘थांबा रे, आधी माल चालतो का बघू.’’ शेळ्या बोकडांजवळ गेल्या. हुंगलं. तोंडं फिरवली. सोळा घरांची करडं त्या तोंडांबरोबर फिरली, हे सगळ्यांनाच कळलं.

मग शेळ्या माझ्याकडे आल्या. आठही. मी लेंड्यांत पडलेला. पोंचोत नाकं खुपसली, मानेवर डोकी घासली, शेपट्या हलवल्या, ओरडायला लागल्या. एक माझ्यावर बसली.

सेपुल्वेदा तशा दुःखातही खाली बसून हसला. म्हणाला, ‘‘अरे, अठ्ठावन्न बोकडांचा वास या एकट्याने घालून ठेवलाय!’’

ते असं ठरलं. माझा पोंचो अंगावरून ओढून काढला (खांदा निखळला, निकानोरनेच परत बसवला, जोर जरा जास्त लावून) आणि मेंढी कातरायच्या कात्रीने त्याचे सोळा तुकडे केले. प्रत्येक घराला एक. घरी गेल्यावर रोज बोकडाच्या डोक्याला, मानेला घासायचा. तिथेच दोघांना घासून बघितलं, शेळ्या वळल्या. एकवीस वर्षांचा पोंचो. एक चिंधी मागितली, दिली नाही.

शेवटी ओबिस्पो. मी स्वतः दोर धरून बाहेर आणला. उन्हात उभा केला. निकानोरने पाठीवरून हात फिरवला, परत फिरवला. मी म्हटलं, काय? तो म्हणाला, ‘‘दाजी, मानलं. आता शेळ्यांच्या कामाचा नाही हा, आंधळा, मोडका. पण असलं कातडं मी जन्मात बघितलं नाही. खोगिरावर घालायला पहिल्या नंबरचं.’’ आणि आकड्याकडे बघितलं.

मलमाचा एकेक दिवस आठवला. मीच त्याचं कातडं सुऱ्याजोगतं केलं होतं.

ओर्फेलिना दारातून आली. हातात सरपणाची कुऱ्हाड. निकानोरच्या आणि ओबिस्पोच्या मधे उभी राहिली. म्हणाली, ‘‘निकानोर, तू पाच महिन्यांचा होतास तेव्हा तुलाही मीच बाटलीने पाजलंय. दोघांतला कुठला कापायचा ते मी ठरवीन.’’ कुऱ्हाड आकड्याच्या खांबात घातली. खांब पडला. निकानोर म्हणाला, ठेव बाई, ठेव तुझ्याकडेच.

जाताना सगळ्यांनी सांगितलं, पुढच्या वर्षी बोकड ओर्फेलिनाच्या नावाने ठेवू. एवारिस्तोने पाणी भरावं, पण तापवू नये.

मला विश्रांतीची गरज होतीच.

१६ मे
ओर्फेलिना म्हणाली, आंघोळ केल्याशिवाय घरात यायचं नाही, फासळ्या स्वच्छ झाल्याशिवाय मी बांधणार नाही. पोंचो नाही, बाहेर थंडी. वाद घालण्यासारखी परिस्थिती नव्हती. अर्धं पिंप, कढत पाणी. उरलेली साबणाची अर्धी वडी. वर थोडं व्हिनेगर. दाढीही काढली. नवा शर्ट.

आरशात दहा वर्षांनी तरुण वाटलो.

१७ मे, सकाळ
ओबिस्पोकडे जातो. सूर्यफुलाच्या बिया घेतल्यात. आता तो आमचाच, रोज त्याच्याजवळ बसायचं ठरवलंय. आज खूप दिवसांनी मन हलकं आहे.

१८ मे
डाव्या हाताने लिहितो. उजवा बांधलाय.

ओबिस्पो मागच्या अंगणात उन्हात होता. मी हाक मारली. त्याने कान वळवला. मी जवळ गेलो. त्याने माझ्या शर्टात नाक घातलं. परत घातलं. गळ्यापाशी, काखेत, तळव्यात, सगळीकडे शोधलं. मी म्हटलं, अरे मीच. मग तो मागे सरला. मला वाटलं आदर.

ओर्फेलिनाने मला भिंतीपासून सोडवलं. तोवर त्याने तीनदा मारलं होतं आणि थरथरत होता, आंघोळीच्या दिवशी थरथरत होता तसाच.

अकरा वर्षं मारतोय तो मला. पण आजवर ओळखून मारायचा.

ओर्फेलिना मलम लावते आहे. गंधक आणि चरबी, तेच. विचारलं, किती दिवस लागतील? म्हणाली, फासळ्यांना सहा आठवडे, वासाला जास्त. आणि मला आणखी काही बोलू दिलं नाही.

नोंद: एवारिस्तो. वय एकसष्ट. कातडी कोरडी, ठिकठिकाणी गेलेली. केस विरळ. गुडघ्यांवर घट्टे. उवा नाहीत. आंघोळ बंद.